ठिपक्यापासून सुरुवात करा

पत्र: "मी चार वर्षं मोबाइल अ‍ॅप आणि वेबसाइटचं डिझाइन करते. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच छापायचं काम आलं, 32 पानांची पुस्तिका. स्क्रीनवर झळाळणारा निळा छापून आला तो जांभळट, मळका. काळ्या पट्टीवरची बारीक पांढरी अक्षरं भरून गेली. मशीनवरच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, 'फाइल आरजीबीत होती, ब्लीड नव्हतं, जमेल तसं केलं.' मी मान डोलावली, पण अर्धंही कळलं नव्हतं. आता हे नीट शिकायचंय. पण पुस्तक उघडलं की ऑफसेट, फ्लेक्सो, ग्रॅव्ह्युअर, लेटरप्रेस सगळ्याची खिचडी होते. नोकरी सोडून दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा का? वय 29 आहे. आणि एक छोटी शंका: कापण्याआधीच्या कागदाच्या कडेला रंगीत चौकोनांची पट्टी असते, ती कशाला?" (एक गोंधळलेली डिझायनर)

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. अभ्यासक्रमाचं नंतर बोलू. आधी तुमच्या खिचडीकडे बघू, कारण तिच्यात तुमचा दोष फारसा नाही. छपाईची बहुतेक पुस्तकं प्रक्रियांच्या नावांनुसार लावलेली असतात. पहिला धडा लेटरप्रेस, दुसरा ऑफसेट, प्रत्येकात यंत्राची बाण काढलेली आकृती. ज्यानं यंत्र पाहिलेलंच नाही त्याला सगळ्या आकृत्या सारख्याच: तीन-चार गोल एकमेकांना चिकटलेले आणि मधून कागद जातोय. मीही तसंच शिकलो आणि परीक्षा झाल्यावर आठवड्याभरात विसरलो.

उलटीकडून या. यंत्र राहू द्या, छापलेली वस्तू हातात घ्या. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग विकत घ्या, प्रेसमध्ये कागदावर टेकवून बघतात तसलं. मग घरातल्या पाच-सहा वस्तू टेबलावर मांडा: वर्तमानपत्र, चकचकीत मासिक, प्लास्टिकचं पाकीट, पुठ्ठ्याचा खोका, छापील टी-शर्ट, लेझर प्रिंटरवरचं एखादं पान.

वर्तमानपत्रातला एखादा चेहरा भिंगाखाली धरा. गाल बघा. गालाचा रंग तिथे कुठेच नाही. पिवळे ठिपके, गुलाबी ठिपके, मधूनच एखादा निळसर, आणि त्यांच्यामधून डोकावणारा मळकट कागद. सावलीकडे सरकलात की ठिपके फुगत जातात, एकमेकांना टेकतात, आणि अगदी गडद भागात तर उलट होतं, कागदाच्या पांढऱ्याचेच ठिपके उरतात. ठिपके ओळीत असतात, पण प्रत्येक रंगाची ओळ वेगळ्या कोनात तिरकी. नेहमीची मांडणी अशी: सायन (छपाईचा निळसर) 15 अंशांवर, काळा 45, मॅजेन्टा (गुलाबी) 75 आणि पिवळा 0. पहिल्या तिघांत 30-30 अंशांचं अंतर राहिलं की ठिपके मिळून छोट्या फुलांसारखे दिसतात. अंतर चुकलं की फुलांच्या जागी लाटा उठतात, जाळीच्या पडद्यावर दुसरा पडदा धरल्यावर उठतात तशा. त्याला मॉयरे म्हणतात. पिवळा बिचारा सगळ्यात फिका, त्यामुळे त्याला उरलेला कोन दिला तरी डोळ्याला खुपत नाही.

आता चित्र सोडा आणि अक्षराची कड बघा. छपाई कुठल्या प्रक्रियेची, हे चित्रापेक्षा कड जास्त सांगते. मासिकातल्या अक्षराची कड स्वच्छ, शाई सपाट, पातळ: ते ऑफसेट. खोक्यावरच्या किंवा पाकिटावरच्या अक्षराला कडेनं जरा गडद किनार दिसली, जणू शाई दाबली जाऊन बाहेर सरकली आहे, तर ते बहुधा फ्लेक्सो. तिथे लवचीक प्लेटवरचा उंच भाग शिक्क्यासारखा टेकतो. पाकिटावरचं बारीक अक्षर करवतीसारखं दातेरी दिसलं, तर ग्रॅव्ह्युअर. त्यात सिलिंडरवर खड्डे कोरलेले असतात आणि अक्षरंसुद्धा खड्ड्यांचीच बनतात, म्हणून सरळ रेघ सरळ येत नाही. लेझरच्या पानावर अक्षराभोवती टोनरचे कण भुरभुरलेले दिसतील. इंकजेटमध्ये ठिपके रांगेत नसतात, विखुरलेले असतात. टी-शर्टला भिंगही नको, बोट फिरवा. शाईचा थर हाताला लागला तर बहुधा स्क्रीन प्रिंटिंग, कारण इतका जाड थर दुसऱ्या फारशा पद्धतींना जमत नाही.

हे आठवडाभर केलंत की पुस्तकातले धडे आपोआप चार खणांत जाऊन बसतील. शाई कुठून येते, एवढाच प्रश्न. उंच भागावरून आली तर लेटरप्रेस आणि फ्लेक्सो. खड्ड्यातून आली तर ग्रॅव्ह्युअर. जाळीच्या आरपार आली तर स्क्रीन. आणि उंचही नाही, खोलही नाही, सपाट पृष्ठभागावरूनच आली तर ऑफसेट. टोनर आणि इंकजेट यांना कायमची प्लेटच नसते, म्हणून त्यांचा खण वेगळा.

सपाटवाला प्रकार सगळ्यात अजब आहे, आणि तुमची पुस्तिका त्यावरच छापली असणार, म्हणून तिथे जरा थांबू. एकाच पातळीवरच्या प्लेटवर काही जागी शाई बसते आणि शेजारीच बसत नाही, हे कसं? तेल आणि पाणी यांच्या वैरामुळे. 1796 च्या सुमारास बव्हेरियातल्या आलॉइस झेनेफेल्डर या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. त्याच्या खटपटीतून हे निघालं: गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूनं लिहायचं, दगड ओला करायचा, वरून तेलकट शाई फिरवायची. ओल्या दगडाला शाई धरत नाही, लिहिलेल्या जागी धरते. शिळाछाप हे नाव तिथलंच. पुढे दगडाची जागा धातूच्या प्लेटनं घेतली. मग 1904 च्या सुमारास अमेरिकेत आयरा रूबेल या मुद्रकाच्या ध्यानात आलं की कागद घालायचा राहून गेला की छाप दाबाच्या रबरी सिलिंडरवर पडते, पुढच्या कागदाच्या पाठीवर उमटते, आणि समोरच्या छापेपेक्षा ती पाठीवरचीच स्वच्छ असते. मऊ रबर कागदाच्या बारीक उंचसखलपणाशी जुळवून घेतं ना! आजही प्लेट कागदाला शिवत नाही. प्लेटवरून ब्लँकेटवर, म्हणजे सिलिंडरवरच्या रबरी चादरीवर, आणि ब्लँकेटवरून कागदावर. छाप दोनदा उलटते, म्हणून ऑफसेटची प्लेट हातात धरली तर सुलटी वाचता येते. लेटरप्रेसचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, मात्र उलटे. प्रेसमध्ये गेलात की हे नक्की बघा, एकदा बघितलं की ब्लँकेट कशासाठी ते कोणी समजवावं लागत नाही.

आता तुमच्या पांढऱ्या अक्षरांचा पंचनामा. शाई कागदावर टेकली की पसरते. फाइलमधला 50 टक्क्यांचा ठिपका चांगल्या आर्ट पेपरवरही (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावरही) 65 च्या आसपास उतरतो, वर्तमानपत्राच्या कागदावर त्याहूनही फुगतो. याला डॉट गेन म्हणतात. काळ्या पट्टीतलं पांढरं अक्षर म्हणजे शाई न लागलेली जागा, आणि चारही बाजूंनी शाई तिच्यात घुसत असते. त्यात माझा अंदाज असा की तुमची पट्टी आरजीबीतल्या, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीतल्या, काळ्याची होती. ती बदलली जाताना चारही रंगांचं मिश्रण झालं असणार. चार प्लेटांपैकी एक जरी केसभर सरकली, तरी अक्षराच्या पोटात निळी नाहीतर गुलाबी किनार शिरते. देवनागरीत हे जास्त छळतं: शिरोरेघ आणि मात्रा यांमधली फट, 'ध' आणि 'भ' यांच्या गाठी आधी बुजतात. पुढच्या वेळी अशी पट्टी फक्त काळ्या शाईची ठेवा आणि अक्षर जरा मोठं, जाड वळणाचं घ्या. बारीक काळा मजकूरही नेहमी एकट्या काळ्यातच.

निळ्याचं दुखणं वेगळं आहे. स्क्रीन प्रकाश फेकते, शाई प्रकाश गिळते. सायन, मॅजेन्टा, पिवळा मिळून जेवढे रंग होतात त्यांच्या बाहेर स्क्रीनचे बरेच रंग पडतात. झगझगीत निळा, पोपटी हिरवा, चटक केशरी हे त्यातले ठरलेले गुन्हेगार. स्क्रीनवरच्या निळ्याचं रूपांतर झालं की त्यात सायनच्या बरोबरीनं मॅजेन्टा येतो, आणि ते जांभळ्याकडे झुकतं. साधा उपाय म्हणजे निळ्यात मॅजेन्टा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवायचा. ग्राहकाला तोच निळा हवा असेल तर वेगळी पाचवी शाई, म्हणजे स्पॉट कलर, मागवावी लागते. पँटोन कंपनीची रंगपुस्तिका 1963 पासून याच कामासाठी आहे. तिच्यात चकचकीत आणि साध्या कागदाचे नमुने वेगवेगळे असतात. शाई तीच, पण कागद बदलला की रंग बदलतो. नवे लोक चकचकीत नमुना दाखवून साध्या कागदावर छापायला देतात आणि मग प्रेसशी भांडतात.

माझी फजितीही ऐका. मी नवा असताना एका मुखपृष्ठाला मला अगदी काळाकुट्ट काळा हवा होता. तेव्हा चारही रंग शंभर-शंभर टक्के दिले. एकूण 400. आर्ट पेपर साधारण 300 ते 330 पर्यंत शाई सहन करतो, वर्तमानपत्राचा कागद 240 च्या आसपास. मला हे आकडे ठाऊक नव्हते आणि फाइल तपासायला वेळ नाही म्हणून कोणी अडवलंही नाही. छापताना कागद सुंदर दिसत होते. दुसऱ्या दिवशी गठ्ठा उचलला तर खालच्या कागदाची शाई वरच्याच्या पाठीला लागलेली, मधले काही चिकटलेले, सोडवताना टरटर आवाज. याला सेट-ऑफ म्हणतात, हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. आता गर्द काळा हवा असला की काळा 100 आणि सोबत सायन 40, तेवढ्यावर भागवतो.

स्क्रीनवाल्यांना इंचाला 300 पिक्सेल हा आकडा मंत्रासारखा पाठ असतो, पण तो कुठून आला हे बहुतेकांना सांगता येत नाही. ठिपक्यांच्या ओळी एका इंचात 150 असल्या की चित्रात त्याच्या दुप्पट पिक्सेल असावेत, असा धोपट नियम आहे. म्हणून 300. वर्तमानपत्रात ओळी 85 ते 100, तिथे 200 पुरतात. रस्त्यावरचा फलक लांबून बघायचा असतो, त्याला याहून किती तरी कमी. एकदा हे कळलं की पाठांतर करावं लागत नाही, कुठल्याही कामाला आकडा तुम्हीच काढाल.

कागदाकडे डिझायनर फार दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते निम्मी छपाई तिथेच ठरते. एक कोरा कागद घ्या. तीनदा घडी घाला. न कापता, कोपरे उचलून पानांवर 1 ते 16 आकडे टाका आणि उलगडा. एका बाजूला 1, 4, 5, 8, 9, 12, 13, 16, दुसरीकडे बाकीचे, काही डोक्यावर उलटे. शेजारच्या जोड्यांची बेरीज करा: 1 आणि 16, 4 आणि 13, 5 आणि 12, सगळ्या 17. हा 16 पानांचा फर्मा. तुमची 32 पानी पुस्तिका असे दोन फर्मे. पिन मारायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीतच हवीत, आणि 30 पानांचा मजकूर आला की दोन पानं कोरी का राहतात, तेही या घडीतच दिसतं. फर्मे एकात एक घातले की आतली पानं बाहेर सरकतात, म्हणून कडेला चिकटून पृष्ठांक ठेवू नये.

वजनाचा हिशेबही गमतीचा आहे. ए0 कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. ए4 त्याचा सोळावा भाग. म्हणजे 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅमचा) ए4 कागद बरोबर 5 ग्रॅमचा आणि 500 कागदांचं रीम अडीच किलोचं. पुस्तिका टपालानं जाणार असेल तर छापण्याआधीच तिचं वजन सांगता येतं. आणि कागदाला लाकडासारखी धार असते, ग्रेन, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेनं पडलेले असतात. एक तुकडा ओला करा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती धारेची दिशा. पुस्तकाच्या कण्याला समांतर धार असेल तर पानं मऊ उलटतात, आडवी असेल तर ती ताठ राहतात आणि जाड कागदावर घडी फाटते.

आता प्रेसमध्ये जायचं. काम द्यायला नाही, काम द्यायच्या आधी. तुमचे मशीनवरचे काका ज्या तुटकपणे बोलले ते मनावर घेऊ नका, त्यांना दिवसाला अशा दोन-तीन फाइली दुरुस्त कराव्या लागत असतील. दुपारची गर्दी टाळून जा आणि फाइल दाखवण्याऐवजी प्रश्न घेऊन जा: मशीनचा कागदाचा आकार काय, ग्रिपरसाठी, म्हणजे कागद पकडणाऱ्या चिमट्यांसाठी, किती जागा सोडता, या कागदावर एकूण शाई किती चालते, फाइल कुठल्या रंग-प्रोफाइलमध्ये हवी, काळ्यावर बारीक पांढरं किती आकारापर्यंत टिकतं. मग तासभर मेकरेडी, म्हणजे छपाईआधीची जुळवाजुळव, बघत उभ्या राहा. सुरुवातीचे शे-दोनशे कागद वाया जातात, त्यात काका पाणी वाढवतात, शाईच्या चाव्या थोड्या आवळतात, एक कागद काढून भिंगाखाली धरतात, पुन्हा चावी. पाणी जास्त झालं की रंग फिका आणि धुतल्यासारखा, कमी झालं की मोकळ्या जागीही शाईचा पडदा धरतो. हा तोल डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. ते कागद बघतात तो दिवा साधा नाही, हेही विचारा. रंग ठरवायला 5000 केल्विनचा प्रमाणित प्रकाश वापरतात, नाहीतर ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

एक काम मात्र हातानं करा. लिनोवर किंवा स्क्रीनवर, दोन रंगांचं, पोस्टकार्डाएवढं. दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसवताना एका संध्याकाळीत रजिस्टर म्हणजे काय ते कळेल, आणि दोन रंगांमध्ये पांढरी फट येऊ नये म्हणून एक रंग दुसऱ्याखाली थोडा सरकवायचा, म्हणजे ट्रॅपिंग, हे तुम्हाला आपोआप सुचेल.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर येईल. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड सोडा, म्हणजे रंग किंवा चित्र कापायच्या रेषेबाहेर तेवढं वाढवा, कारण कटिंगखाली गठ्ठा केसभर सरकतोच. पीडीएफ/एक्स, म्हणजे छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफ प्रकारातली फाइल द्या. ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू चालू करून प्रत्येक पान बघा: पांढऱ्या अक्षराला चुकून ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) लागलं असेल तर एरवी स्क्रीनवर ते दिसतं आणि छापताना गायब होतं. आणि पहिल्या पानाच्या प्रुफावर सही करण्याआधी ते घडी घालून, कापून हातात धरा.

अभ्यासक्रम कोणी करावा? ज्याला प्रीप्रेसमध्ये (छपाईआधीच्या फाइल-तयारीत), पॅकेजिंगमध्ये किंवा रंगव्यवस्थापनात नोकरी करायची आहे त्यानं. तिथे डेन्सिटोमीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर ही शाई-रंग मोजायची यंत्रं, शाई आणि कागदाची प्रयोगशाळा हाताशी मिळते, आणि ती घरी उभी करता येत नाही. तुम्हाला डिझायनरच राहायचं आहे असं पत्रावरून वाटतं. मग भिंग, दोन-तीन प्रेसमधल्या ओळखी आणि सहा महिन्यांत शेवटपर्यंत पाठपुरावा केलेली तीन छोटी कामं, एवढ्यावर तुम्ही बऱ्यापैकी तयार व्हाल. त्यानंतरही भूक राहिली तर अभ्यासक्रमाला जा, तेव्हा तुमचे प्रश्न नेमके असतील. 29 हे वय कशालाच उशिराचं नाही, उगाच त्याचा बाऊ करू नका.

राहिली ती रंगीत पट्टी. तिला कंट्रोल स्ट्रिप म्हणतात. भरीव चौकोन बघून शाईचा थर किती बसला ते मोजतात. 50 टक्क्यांचे चौकोन डॉट गेन दाखवतात. आणि एक करडा चौकोन असतो, तो सायन 50, मॅजेन्टा 40, पिवळा 40 असा तीन रंगांतून बनवलेला, शेजारी फक्त काळ्याच्या ठिपक्यांचा तेवढाच करडा. दोन्ही सारखे दिसले तर रंगांचा तोल ठीक. तीन रंगांचा करडा गुलाबी झाला तर मॅजेन्टा चढलाय, हिरवट झाला तर उतरलाय. काका कागद ओढून आधी चित्राकडे बघत नाहीत, या पट्टीकडे बघतात. पुढच्या कामाच्या वेळी त्यांच्याकडून न कापलेला एक कागद मागून घ्या, वाया गेलेल्यातला चालेल, आणि घरी भिंगाखाली तो करडा चौकोन शोधा.